शेकरूची शेपटी आणि रेडियमची सुरी

फ्लेक्सच्या दुकानात लोगो घेऊन गेलं की कॉम्प्युटरवर बसलेला मुलगा मान वर न करता विचारतो, "कर्व्हमध्ये आहे का?" बहुतेकांकडे असतो तो व्हॉट्सअॅपवरून तीन जणांच्या हातून फिरून आलेला जेपीजी. मुलगा म्हणतो, "बघू, करू काहीतरी." मग फ्लेक्स चौकात लागतो आणि काहीतरीच झालेलं दिसतं.

त्याच्या प्रश्नामागचं गणित साधं आहे. व्हिजिटिंग कार्डावर लोगो दोन इंच रुंद छापायचा, तर इंचाला ३०० पिक्सेल या नेहमीच्या हिशेबाने ६०० पिक्सेल पुरतात. तीच फाइल दहा फुटी फलकावर ताणली तर ६०० पिक्सेल १२० इंचांत वाटले जातात. इंचाला पाच. म्हणजे एकेक पिक्सेल पाच मिलिमीटरचा चौकोन होतो. फलक लांबून पाहायचा असतो, त्यामुळे कार्डाइतकी बारकाई लागत नाही हे खरं, पण पाच फारच कमी. पुढे हाच लोगो गाडीच्या काचेवर लावायला रेडियमवाल्याकडे गेला तर पिक्सेल कितीही असोत, त्यांचा उपयोग शून्य. त्याचं यंत्र छापत नाही, कापतं. त्याच्या सुरीला कुठून निघायचं, कसं वळायचं आणि कुठे पोचायचं एवढंच हवं असतं. व्हेक्टर फाइलमध्ये नेमकं तेवढंच लिहिलेलं असतं.

हे वळण लिहून ठेवण्याची रीत मोटारींच्या कारखान्यांतून आली. गाडीच्या पत्र्याचा फुगीर आकार आकड्यांत कसा सांगायचा, हा प्रश्न फ्रान्समध्ये दोन कंपन्यांना एकाच काळात पडला होता. सित्रोएनमधल्या पॉल द कास्तेलज्यो यांनी १९५९ मध्ये त्याचं उत्तर शोधलं, पण कंपनीने ते गुपित ठेवलं. रेनोमधल्या पिएर बेझिए यांनी साठच्या दशकात आपलं काम जगापुढे मांडलं, म्हणून नाव त्यांचं लागलं. आज आपण बेझिए कर्व्ह म्हणतो. ती काढायची सर्वांत सोपी कृती मात्र द कास्तेलज्यो यांची आहे आणि कागद-पेन्सिलीने करून बघता येते.

कागदावर चार बिंदू घ्या: क, ख, ग, घ. रेघ क पासून निघून घ ला पोचणार आहे. ख आणि ग तिला आपल्याकडे ओढतात, पण रेघ सहसा त्यांना शिवत नाही. आता क-ख, ख-ग आणि ग-घ जोडा. या तिन्ही रेषांचे मध्यबिंदू काढा. ते तीन मध्यबिंदू जोडले की दोन रेषा मिळतात. त्यांचेही मध्यबिंदू काढा आणि जोडा. उरलेल्या एका रेषेचा मध्यबिंदू हा आपल्या वळणावरचा एक बिंदू. मध्याऐवजी प्रत्येक वेळी पाव अंतरावरचा बिंदू घेतला तर वळणावरचा दुसरा एखादा बिंदू मिळेल, दशांश अंतरावरचा घेतला तर तिसरा. असे पुरेसे बिंदू काढले की वळण तयार. कॉम्प्युटर हेच करतो, फक्त न कंटाळता. आकार दसपट करायचा तर तो चार बिंदूंचे आकडे दहाने गुणतो आणि रेघ नव्याने काढतो. ताणायला मुळात चित्रच नसतं, त्यामुळे ते फाटतही नाही.

असं वळण काढणारे प्रोग्रॅम म्हणजे इलस्ट्रेटर १९८७ मध्ये आलं, कोरल ड्रॉ १९८९ मध्ये. आपल्याकडच्या छपाईच्या दुकानांत कोरलचंच राज्य आहे. इंकस्केप फुकट मिळतं आणि लोगोच्या कामाला कुठेही कमी पडत नाही. तिन्हींत क आणि घ यांना नोड किंवा अँकर पॉइंट म्हणतात, ख आणि ग म्हणजे नोडमधून बाहेर आलेल्या हँडलची टोकं. पूर्ण वर्तुळाला चार नोड पुरतात, प्रत्येक हँडलची लांबी त्रिज्येच्या ०.५५२ पट ठेवायची. काटेकोरपणे पाहिलं तर ते वर्तुळ नसतं. पण त्रिज्या एक मीटर असली तरी चूक पाव मिलिमीटरच्या आसपास राहते, आणि एवढी चूक फ्लेक्सवालाच काय, गणिताचा मास्तरही डोळ्यांनी पकडू शकणार नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. समजा भीमाशंकरच्या वाटेवर एका कुटुंबाने राहण्या-जेवणाची सोय सुरू केली आहे आणि त्यांना लोगोत शेकरू हवा आहे. मागणी रास्त आहे. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आणि भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ मध्ये झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी. घरातल्या मुलाने काढलेला फोटोही आहे: फांदीवर आडवा बसलेला शेकरू, तांबूस पाठ, फिकट पोट, शरीराहून लांब झुपकेदार शेपटी खाली सोडलेली. एक पाय फांदीआड गेलेला आणि सगळीकडे पानंच पानं.

फोटो घरचा आहे हे फार बरं झालं. भारतात फोटोवर तो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं कॉपीराइट असतो. गूगलवर सापडलेला फोटो गिरवून त्याचं व्हेक्टर केलं म्हणून तो आपला होत नाही. लायसन्स देऊन मोकळेपणाने ठेवलेल्या फोटोंवरही अटी असतात. त्यातली 'याच अटींवर पुढे द्या' ही अट लोगोला अडचणीची आहे, कारण मग आपलं चिन्ह दुसऱ्यांनाही वापरता येईल. नुसती कल्पना किंवा शरीराची ढब मात्र कुणाच्या मालकीची नसते. बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनच्या झेपेचा फोटो जेकोबस रेंटमीस्टर यांनी १९८४ मध्ये लाइफ मासिकासाठी काढला होता. पुढे नाइकी या बुटांच्या कंपनीने तशाच झेपेचा स्वतःचा फोटो काढून त्यावरून आपलं उडता जॉर्डन हे चिन्ह बनवलं. रेंटमीस्टर कोर्टात गेले, पण २०१८ मध्ये अपिलाच्या कोर्टाने नाइकीच्या बाजूने निकाल दिला. पोझवर हक्क नाही, त्या विशिष्ट फोटोतल्या मांडणीवर आहे, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडचे दोन नियम सांगायलाच हवेत, कारण हौसेने त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीचं रूप २०१७ पासून नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, त्यामुळे तिच्या घुमटाचा फोटो ट्रेस करून धंद्याला लावता येत नाही. आणि छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव व चित्र बोधचिन्हं आणि नावांच्या अनुचित वापराला प्रतिबंध करणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या परिशिष्टात आहे. धंद्याच्या चिन्हात ते वापरायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. शेकरूला अशी आडकाठी नाही.

फोटो प्रोग्रॅममध्ये आणला आणि ऑटो ट्रेसचं बटण दाबलं की काही सेकंदांत व्हेक्टर तयार होतं. दिसायलाही ते जवळपास फोटोसारखंच असतं, आणि तीच त्याची खोड आहे. आत डोकावलं तर रंगांचे शेकडो-हजारो तुकडे दिसतात. त्यातल्या निम्म्या तुकड्यांत शेकरूची पाठ आणि मागचं पान एकत्र चिकटलेलं असतं. यंत्राला शेकरू दिसत नाही, त्याला फक्त उजेड-अंधाराच्या हद्दी दिसतात.

हे असं का होतं ते आकड्यांत पाहू. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५ पर्यंत. फोटो करड्या छटेत बदलताना सर्वसाधारणपणे लाल गुणिले ०.२९९, हिरवा गुणिले ०.५८७, निळा गुणिले ०.११४ अशी बेरीज करतात, कारण माणसाच्या डोळ्याला हिरवा जास्त उजळ भासतो. समजा पाठीच्या केसांचा रंग १६०, ८५, ५० आहे. बेरीज होते साधारण १०३. मागच्या पानाचा रंग ९०, १२०, ५०. बेरीज पुन्हा १०३. तांबूस आणि हिरवा यांतला फरक आपल्याला झोपेतही कळतो, पण करड्या चित्रात तो पार पुसला जातो. त्यावर काळं-पांढरं करायची सीमारेषा, म्हणजे थ्रेशोल्ड, कितीवरही ठेवा, शेकरू आणि पान एकाच बाजूला पडणार.

उपाय याच आकड्यांत आहे. तिन्हींची बेरीज न करता फक्त लाल आकडा घ्यायचा. तिथे पाठ १६० आणि पान ९०, म्हणजे सत्तरचं अंतर. फोटोशॉपमध्ये चॅनेलच्या पॅनेलमधून आणि गिंपमध्ये रंग वेगळे करण्याच्या सोयीतून लाल चॅनेल सुटा मिळतो. त्यावर १२५ च्या आसपास थ्रेशोल्ड ठेवला की प्राणी बराचसा पानांतून सुटा होतो. उन्हाचे कवडसे तरीही मध्ये येतातच. ते ब्रशने हाताने पुसावे. हा अर्धा तास वाचवायचा मोह आवरला तर पुढचे तीन तास वाचतात.

अशा स्वच्छ केलेल्या काळ्या-पांढऱ्या चित्रावर ऑटो ट्रेस चालवला तर तो खरोखर कामाला येतो. इंकस्केपच्या ट्रेसमागे पोट्रेस नावाचा प्रोग्रॅम आहे. पीटर सेलिंगर यांनी तो २००१ मध्ये आणला. तो काळ्या भागाच्या कडेने पिक्सेलच्या पायऱ्यापायऱ्यांची वाट काढतो, तिच्या जवळून जाणारा कमीत कमी कोनांचा बहुभुज शोधतो आणि मग प्रत्येक कोपऱ्यापाशी ठरवतो की इथे टोक ठेवायचं की वळण. त्याला दिलेल्या तीन सेटिंगचा अर्थ आता सहज लागेल. किती छोटे ठिपके कचरा समजायचे, कोपरे किती गोल करायचे आणि लागून आलेली वळणं किती प्रमाणात एकत्र करायची, एवढंच त्यांतून ठरतं. पण फांदीआडचा पाय त्याला कधीच सापडणार नाही, कारण तो फोटोतच नाही. म्हणून माझं मत असं की ऑटो ट्रेसने मिळालेला आकार खाली मार्गदर्शनाला ठेवावा आणि लोगोची रेघ पेन टूलने आपण काढावी.

त्याआधी एक निर्णय लागतो. फोटोतून लोगो करायच्या मुख्य वाटा दोन. एकीत बाहेरची कड घ्यायची, दुसरीत सावल्या घ्यायच्या. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल संघटनेचं चिन्ह पहिल्या वाटेचं. अॅलन सीगल यांनी ते १९६९ मध्ये जेरी वेस्ट या खेळाडूच्या फोटोवरून केलं. निळ्या आणि लाल रंगांमध्ये पांढरी आकृती, चेहरा नाहीच, तरी चेंडू टप्पा देत नेणारा माणूस लगेच ओळखू येतो, कारण सगळी ओळख झुकलेल्या अंगात आहे. क्रांतिकारक चे गेव्हाराचं जगभर छापलं गेलेलं चित्र दुसऱ्या वाटेचं. अल्बेर्तो कोर्दा यांनी ५ मार्च १९६० ला हवानात काढलेल्या मूळ फोटोत एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा होता आणि दुसऱ्या बाजूला झाडाची पानं. दोन्ही कापली गेली. मग १९६८ मध्ये जिम फिट्झपॅट्रिक यांनी चेहऱ्याच्या सावल्या सपाट करून पोस्टर केलं. चेहऱ्याची ओळख डोळे, नाक आणि मिशीखालच्या सावल्यांत असते, तिथे नुसती कड घेऊन भागत नाही. आजीच्या नावाने मसाले विकणाऱ्यांनी ही दुसरी वाट धरावी. शेकरूची ओळख शेपटीत आणि बसण्यात आहे, म्हणून त्याला पहिली.

फोटोचा लेयर फिका करा आणि लॉक करा. वरच्या लेयरवर पेन टूल घ्या. नुसतं क्लिक केलं की टोकाचा नोड मिळतो, क्लिक करून ओढलं की हँडल निघतात आणि वळण मिळतं. नवशिक्याचा हात इथे घाबरतो आणि दर दोन मिलिमीटरवर क्लिक करत सुटतो. नोड जितके जास्त तितकी रेघ थरथरती. ती पडद्यावर फारशी जाणवत नाही, पण रेडियमच्या कडेला करवतीसारखी दिसते. अक्षरं काढणारे लोक पाळतात तो नियम इथेही लागू आहे: वळण जिथे सर्वांत वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे पोचतं तिथे नोड ठेवायचा आणि त्याचं हँडल सरळ आडवं किंवा उभं ओढायचं. पाठीच्या कमानीला वरच्या टोकाशी एक नोड, मानेच्या खोलीशी एक, डोक्याच्या माथ्यावर एक. हँडलची लांबी त्या तुकड्याच्या साधारण एक तृतीयांश असावी. दोन्ही हँडल एकमेकांना ओलांडून गेली की वळणात गाठ पडते. कान, नखं आणि शेपटीच्या चिरांपाशी मात्र टोक हवं, तिथे हँडल मोडायचं. सगळ्या प्राण्याची बाहेरची कड तीस-चाळीस नोडमध्ये बसायला हरकत नाही. फोटो फार मोठा करून काम करू नये. पिक्सेल दिसायला लागले की हात शेकरू सोडून पिक्सेलच गिरवतो.

फांदीआडचा पाय? तो आपण काढायचा, दुसऱ्या पायाकडे बघून. आणि फांदी सरळ करून जाडसर आडवी रेघ करायची, म्हणजे तिच्याखाली नाव बसेल. फोटोत फांदी तिरकी होती, पण लोगोत तिने तिरकं असायचं काहीच कारण नाही.

शेपटीवर सर्वांत जास्त वेळ जातो. फोटोत तिच्या कडेचे केस अर्धे मागच्या पानांच्या रंगाचे आणि अर्धे तांबूस असतात. यंत्र त्याचे दाते करतं, माणूस उत्साहात प्रत्येक केस काढायला जातो. दोन्हींमुळे शेपटी घासून झिजलेल्या ब्रशसारखी दिसते. त्यापेक्षा आतली कड पूर्ण गुळगुळीत ठेवावी आणि बाहेरच्या कडेला खोल अशा चार-पाचच चिरा द्याव्यात, सगळ्या केसांच्या दिशेने झुकलेल्या. झुपका आहे हे डोळ्याला एवढ्यावरून समजतं. शेपटी आणि शरीर यांच्यामध्ये एक पांढरी फट ठेवावी लागते, नाहीतर दोघांचा मिळून एक गोळा होतो. ही फट किती रुंद हवी हे पडद्यावर बघून ठरवता येत नाही. लोगो कुठे कुठे जाणार हे आधी विचारायचं. रबरी शिक्का २५ मिलिमीटरचा असेल तर त्यातली ०.३ मिलिमीटरची फट पहिल्या आठवड्यातच शाईने बुजते. मी लोगोच्या रुंदीच्या चाळिसाव्या भागाहून बारीक काहीच ठेवत नाही, ना फट ना रेघ. टी-शर्टच्या खिशावर भरतकाम व्हायचं असेल तरी हा हिशेब साधारण चालतो, कारण एक मिलिमीटरहून बारीक पट्टी टाक्यांत नीट उतरत नाही.

डोळा फोटोतल्यापेक्षा थोडा मोठा काढा. पोटाच्या फिकट भागासाठी एकच आकार पुरे. मग सगळं काळ्या रंगात भरून चित्र लहान करत जा: तळहाताएवढं, नखाएवढं, शेवटी ब्राउझरच्या टॅबवरच्या १६ पिक्सेलएवढं. १६ पिक्सेलला डोळा, चिरा, पोट सगळं जातं, शेपटीचं वळण तेवढं उरतं. त्या आकारासाठी फक्त डोकं किंवा फक्त शेपटी अशी वेगळी आवृत्ती केलेली बरी. रंग सर्वांत शेवटी. काळ्यात जे उभं राहिलं नाही ते तांबूस केल्याने उभं राहत नाही.

नावाच्या अक्षरांना स्वतःच्या दोन खोडी आहेत. पहिली सगळ्यांना माहीत असते: दुकानात तो फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं फुटतात, म्हणून फाइल देण्याआधी अक्षरं कर्व्हमध्ये बदलायची. कोरलमध्ये त्यासाठी कंट्रोल-क्यू आहे. दुसरी खोड शिरोरेषेच्या लिप्यांना भोवते. अक्षरं कर्व्हमध्ये बदलली तरी प्रत्येकाची शिरोरेषा सुटीच असते, फक्त शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली. छपाईत काही कळत नाही. रेडियमची सुरी मात्र प्रत्येक आकाराची पूर्ण कड कापते, त्यामुळे दोन अक्षरांच्या सांध्यात आडव्या चिरा पडतात आणि लावताना शिरोरेषेचे तुकडे हाताला येतात. कोरलमध्ये वेल्ड, इलस्ट्रेटरमध्ये युनाइट, इंकस्केपमध्ये युनियन. अख्खं नाव निवडून हे एकदा केलं की शिरोरेषा एकसंध होते. फांदीची रेघ नुसती जाडी दिलेली रेघ असेल तर तिचाही भरीव आकार करून घ्या. नाहीतर लोगो लहान केल्यावर शेकरू लहान होतो आणि फांदी तेवढीच जाड राहू शकते.

कुटुंबाच्या हातात एसव्हीजी आणि पीडीएफ द्या, सोबत पारदर्शक पार्श्वभूमीचं मोठं पीएनजी. दुकानदाराने सीडीआर मागितलं तर त्याच्याकडे कोरलचं कोणतं व्हर्जन आहे ते विचारून त्या जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून द्या, कारण नव्या कोरलमधली फाइल जुन्यात उघडत नाही. जेपीजी नुसतं सीडीआरच्या आत ठेवून दिलं तरी ते जेपीजीच राहतं. आपल्या हातात आलेल्या फाइलमध्ये असा घोळ नाही ना हे तपासायला कोरलमध्ये वायरफ्रेम व्ह्यू आणि इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-वाय आहे. रंग नाहीसे होऊन नुसत्या रेघा दिसतात. तिथे शेकरूच्या जागी शेपटीसकट एक सलग कड दिसायला हवी. त्याऐवजी नुसता चौकोन दिसला तर फाइल परत करा.